फोटोतून कापलेला थोया

जुम्वा नैरोबीला कला-इतिहासाचं एम.ए. करायला निघाली, तेव्हा तिच्या चुलत्याने, कालामाने, विचारलं, "म्हणजे चित्रं काढायची?"

"नाही मोठे बाबा. लोकांनी केलेली चित्रं, कोरीव कामं, फोटो बघायचे. कोणी केले, कशासाठी केले, तिथून कोणाकडे गेले, ते शोधायचं."

"आणि त्याला दोन वर्षं लागतात?"

"लागतात."

"बघायला," कालामा म्हणाला आणि माडीच्या भांड्यातली नळी पुन्हा तोंडात धरून हसला. त्याचा मुलगा कित्साव बापापेक्षा मोठ्याने हसला. "आमची मास्तरीण आता डोळ्यांचा पगार घेणार. आम्ही फुकट बघतोय जन्मभर."

जुम्वाचा बाप थोया माडाखाली विळा पारजत बसला होता. तो हसला नाही. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणाला. थोया कमीच बोलायचा. सदुसष्टाव्या वर्षीही तो रोज सकाळी माडावर चढायचा. पूर्वी चाळीस झाडं करायचा, आता सात-आठ. बाकीची त्याने मजुरांना लावून दिली होती. जुम्वा नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून त्याने एकट्याने मुलीला वाढवलं, कॉलेजला पाठवलं, आणि किलिफीच्या शाळेत ती चित्रकला शिकवायला लागली तेव्हा वर्गाबाहेर उभं राहून एकदा बघूनही आला. आत मात्र आला नाही. पायात चपला नव्हत्या म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

चिथेंगा हे त्यांचं गाव किनाऱ्यापासून दोन तास आत, माडांच्या पट्ट्यात. कालामाचं आणि थोयाचं अंगण एकच होतं, मधे फक्त कसाव्याच्या कंदांचा एक वाफा. त्या अंगणाच्या पूर्वेला एक मोकळी जागा होती. तिथे कोणी चूल मांडत नसे, कोणी बकरी बांधत नसे. दोघा भावांच्या बापाचा, म्वारांदूचा किगांगो तिथे उभा होता, जुम्वा जन्मण्याच्या आधी.

किगांगो म्हणजे गेलेल्या मोठ्या माणसाच्या नावाने उभारलेली लाकडी फळी. माणसाच्या छातीइतकी उंच, वर गोल डोकं, अंगावर बरगड्या म्हणून कोरलेल्या त्रिकोणांच्या ओळी. गोहू या जुन्या मंडळात ज्याची जागा होती त्यालाच तो मान. मेलेला माणूस घरच्यांच्या स्वप्नात येतो, मला थंडी वाजते म्हणतो, मग घरचे बोकड कापून, माडी ओतून त्याला लाकडात आणून बसवतात. एकदा रोवला की हलवायचा नाही. माणसं घर बदलतील, तो तिथेच राहील, वाळवी लागून पडेपर्यंत. म्वारांदूचा किगांगो दहा वर्षं उभा होता आणि चौऱ्याऐंशीच्या दुष्काळात एका सकाळी तिथे फक्त खड्डा होता. कोण्या परक्याने नेला, असं घरात सगळे म्हणत. त्यानंतर अंगणात जे जे वाईट झालं, ते त्या खड्ड्याच्या खाती गेलं. गाय मेली तरी खड्डा, सुनेला मूल होईना तरी खड्डा.

त्यामुळे जुम्वाने प्रबंधासाठी विषय निवडला तो हाच. आपले किगांगो परदेशातल्या संग्रहालयांत कसे दिसतात, कसे मांडले जातात, त्यांच्याखाली काय लिहिलं जातं.

तिच्या गाईड डॉ. मुएनी पन्नाशीच्या, आवाजाने मऊ आणि कामाला कडक होत्या. त्यांचा नियम एकच. चित्र समोर आलं की पहिली दहा मिनिटं अर्थ सांगायचा नाही, फक्त दिसतं ते बोलायचं. अर्थ सांगायला लागलेल्या मुलांना त्या मधेच थांबवायच्या. "ते तुला माहीत आहे म्हणून सांगतोयस. दिसतंय का ते?"

दुसऱ्या सहामाहीत जुम्वाने एका अमेरिकन संग्रहालयाची जुनी यादी वर्गासमोर मांडली. पडद्यावर एक किगांगो आला. खाली छापलं होतं: स्मारकस्तंभ, पूर्व आफ्रिका, कारागीर अज्ञात, व्यक्ती अज्ञात.

ती बोलायला लागली. "फळी एकसंध आहे. डोकं गोल, पुढून चपटं. छातीवर त्रिकोणांच्या अकरा ओळी. सहाव्या ओळीत डावीकडे एक त्रिकोण नाही. तिथे लाकडाला गाठ आहे, कोरणारा गाठीला वळसा घालून..."

तिथे तिचा आवाज थांबला. लहानपणापासून कालामा सांगत आला होता, आमच्या बापाला एक बरगडी कमी दिली त्या सुताराने, गाठ आडवी आली म्हणून. माडी पिऊन बसला होता मेला.

"पुढे," डॉ. मुएनी म्हणाल्या.

"उजव्या कडेला चार बोटं आहेत," जुम्वा म्हणाली. "कोणीतरी मागून धरलंय. माणूस कापून टाकलाय."

"कोण आहे?"

"दिसत नाही."

तास संपल्यावर तिने मॅडमना गाठीची हकीकत सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "संग्रहालयाला लिही. पूर्ण फोटो माग. त्यांच्याकडे असतो. छापताना कापतात, फेकत नाहीत."

तीन आठवड्यांनी ईमेल आली. फोटो मोंबासाच्या एका व्यापाऱ्याने काढलेला होता. घेतलेल्या प्रत्येक किगांगोचा तो असा फोटो काढून ठेवी, विकणाऱ्याला शेजारी उभं करून, म्हणजे उद्या चोरीचा आळ आला तर दाखवायला. जुम्वा ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर बसली होती. फोटो हळूहळू वरून खाली उघडत गेला. आधी आकाश, मग गोल डोकं, आणि त्या डोक्याच्या शेजारी दुसरं डोकं. चौतिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसणारा. ते कपाळ ती रोज आरशात बघत होती.

तिने पडद्यावरची खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. मग बाहेर जाऊन कठड्यावर बसली आणि संध्याकाळी पहारेकऱ्याने उठवेपर्यंत तिथेच होती.

ऑगस्टमध्ये ती गावी गेली. थोया सकाळची झाडं उतरून, चवळी आणि मक्याची उगाली खाऊन सावलीत बसला होता. तिने मोबाइलवर तो फोटो उघडला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ बघितलं, मग मोबाइल उताणा मांडीवर ठेवला.

"कुठे मिळाला?"

"अमेरिकेत आहे बाबा. काचेच्या मागे."

"लाकूडसुद्धा?"

"लाकूडच आहे. फोटो त्याच्यासोबत आहे."

थोयाने विळ्याची धार अंगठ्यावर घासून बघितली. ती आधीच चांगली होती. "तुला फोंडो माहीत नाही," तो म्हणाला. "तुझ्या आधीचा. चार वर्षांचा होता. त्या वर्षी झाडांतून रस येईना. कसावा कडू पडला. तो माती खायला लागला होता. तो माणूस गाडी घेऊन फिरत होता, म्हणाला, एका लाकडाला एक गोणी मका. मी माझ्या बापाला विचारलं. रात्रभर तिथे बसून विचारलं. तो काही बोलला नाही."

"मग?"

"मग गोणी आणली. फोंडो दहा दिवसांनी गेला. उशीर झाला होता." तो विळा खाली ठेवून म्हणाला, "तुझी आई कधी काही बोलली नाही. तिने मका दळला."

जुम्वाला वाटलं होतं आपण रागावू. तिने येताना मटाटूत, भाड्याच्या मिनीबसमध्ये, बसून वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मोठ्या बाबांना माहीत आहे?"

"कालामाला? नाही." मग त्याने विचारलं, "हे तू लिहिणार?"

"किगांगो कसा गेला ते लिहावं लागतं बाबा. पण नाव नाही लिहिणार. कापलेलाच फोटो लावीन."

"लिहू नको असं मी म्हणत नाही. मी मेल्यावर लिही. मला इथे राहायचंय अजून."

त्याच संध्याकाळी तिने कालामाला, बापाविषयी अवाक्षर न काढता, सांगितलं की आजोबांचा किगांगो सापडलाय. म्हातारा भुईवरच बसला. मग त्याने खड्ड्याच्या जागी माडी ओतली आणि पालथ्या हाताने डोळे पुसले. संग्रहालय किगांगो परत द्यायला तयार होतं, फक्त घरच्यांनी अर्ज करायला हवा होता. घरचा मोठा म्हणून अर्जावर कालामाचा अंगठा घेतला. जुम्वाने अर्ज लिहिला. त्या दिवशी ती घरात सगळ्यांची लाडकी झाली. कित्सावनेही तिच्यासाठी शहाळं फोडलं आणि म्हणाला, "मास्तरीण, तुझे डोळे कामाचे निघाले."

पुढचं वर्ष तिने लिहिण्यात घालवलं. चौथ्या प्रकरणात तिने पूर्ण फोटोचं वर्णन केलं, फोटो मात्र कापलेला लावला. माणसाला नाव दिलं नाही. त्याच्या शर्टाबद्दल एक परिच्छेद लिहिला: इस्त्रीचा शर्ट बघता विकणारा गावातला बऱ्यापैकी सुस्थितीतला, शहराशी संबंध असलेला माणूस असावा, व्यवहार बरोबरीच्या नात्यातला वाटतो. हे लिहिताना तिला बरं वाटलं नव्हतं, पण मुलगी म्हणून तिला जे ठाऊक होतं ते पुरावा म्हणून वापरायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. परिच्छेद वाचून डॉ. मुएनींनी समासात छोटं प्रश्नचिन्ह काढलं होतं. जुम्वाने ते तसंच राहू दिलं.

त्या वर्षात गावात दोन मरणं झाली. कित्सावचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून ट्रकखाली गेला. मार्चमध्ये कित्सावची सात वर्षांची मुलगी तापाने गेली. जुम्वा दोन्ही वेळा जाऊन आली. मुलीला पुरताना कित्साव रडला नाही. तो सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत होता.

जूनमध्ये संग्रहालयाची ईमेल आली. परत पाठवण्याची फाईल तयार होतेय, तिची एक प्रत कुटुंबालाही देणार आहोत, सगळी कागदपत्रं जोडली तर चालेल ना? जुम्वाला दुसऱ्या दिवशी प्रकरण द्यायचं होतं. तळटीपा जुळत नव्हत्या. तिने एका हाताने चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने उत्तर टाइप केलं. सगळं पाठवा, धन्यवाद.

ही तीन शब्दांची ईमेल तिने पुढे किती वेळा उघडून वाचली, याला गणती नाही.

जाड पाकीट कालामाच्या नावाने आलं. त्याला वाचता येत नव्हतं. ते कित्सावने फोडलं. वरचं पत्र त्याने वाचलं की नाही कोण जाणे, पण मधे एक मोठा गुळगुळीत फोटो होता. तो वाचावा लागत नाही.

त्यानंतरचं जुम्वाला शेजारच्या बाईकडून आणि चीफच्या, म्हणजे गावच्या सरकारी कारभाऱ्याच्या, मदतनिसाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मंगळवार होता, सकाळचे आठ वाजले होते. थोया विहिरीजवळच्या उंच माडावर रस उतरवत होता. खाली बघितलं तर कित्साव आणि दहा-बाराजण उभे. कित्सावच्या हातात तो फोटो होता. बाकीच्यांच्या हातांत कोयते.

"उतर खाली, चेटक्या," कित्साव म्हणाला.

"मी तुझा काका आहे."

"तू माझ्या आज्याला विकलास. माझ्या पोरीला कोणाला विकलंस ते सांग. भावाला कोणाला विकलंस?"

थोया उतरला नाही. त्याने कमरेची दोरी झाडाला बांधून घेतली आणि झावळ्यांत बसून राहिला. दगड सुरू झाले. ऊन चढलं. कोणीतरी म्हणालं, डोळे बघा त्याचे, लालच आहेत. सत्तरीला आलेल्या, जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या कोणाचे नसतात? पण चिथेंगाकडे म्हाताऱ्या माणसाचे लाल डोळे म्हणजे अर्धा निकाल असतो. दहाच्या सुमाराला कोणीतरी त्याचं घर पेटवलं. ते त्याला वरून दिसलं असणार. अकराला कित्सावने कुऱ्हाड आणली आणि बुंध्यावर घाव घालायला लागला. तेव्हा म्हातारा दोरी सोडून उतरू लागला. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असताना एक दगड मनगटावर बसला आणि हात सुटला.

तो पडला म्हणून वाचला, असं मदतनीस म्हणाला. पडल्याचा आवाज ऐकून पोरं क्षणभर मागे सरली आणि तेवढ्यात चीफची गाडी आली.

कालामा हे सगळं चालू असताना आपल्या दारात बसून होता. त्याने एक शब्द उच्चारला नाही. हे जुम्वाला शेजारणीने सांगितलं आणि पुन्हा सांगितलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून सुटल्यावर त्याला न्यायला घर नव्हतं. जुम्वा नैरोबीत एका खोलीत दोघींसोबत राहत होती. शेवटी चीफनेच वाट दाखवली. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याने आपल्या वाडीत आसरा उघडला होता, करणीच्या आरोपावरून घरातून हाकललेल्यांसाठी. तिथे तेव्हा अकराजण होते. सगळे साठीच्या पुढचे. कोणाच्या मानेवर कोयत्याचा वण, कोणाचा हात कोपरापासून नाही. सकाळी ते एका ओळीत बसून चहा घ्यायचे आणि एकमेकांची चेष्टा करायचे. "सरक रे चेटक्या, ऊन अडवू नकोस." "तूच मंत्र घाल की सूर्यावर, तेवढं येत नाही का?"

जुम्वा महिन्यातून दोनदा जायची. थोया खाटेवरून फारसा उठत नसे. तिसऱ्या खेपेला ती फोटो मोठा करून घेऊन गेली. त्यानेच मागितला होता.

त्याने तो उजेडाकडे धरला. "चांगला दिसत होतो," तो म्हणाला.

"बाबा, माझी चूक झाली. मी न वाचता..."

"ते सांगितलंस तू." तो फोटोच बघत होता. "हा शर्ट माझा नाही, माहीत आहे?"

"म्हणजे?"

"त्या व्यापाऱ्याच्या गाडीत खुंटीला टांगलेला असायचा. मी उघडा होतो, कमरेला फडकं. तो म्हणाला असा नको, हे घाल. हास म्हणाला. फोटो काढला आणि शर्ट काढून घेतला. घामाचा वास लागला म्हणून ओरडला सुद्धा. कॉलर मागे चिमट्याने धरली होती, बघ, मोठा होत होता मला."

जुम्वाने वाकून बघितलं. खांद्यावर कापडाची एक चुणी मागे ओढलेली होती. ती चुणी तिने शंभर वेळा बघितली होती. तिला ती इस्त्रीची वाटली होती.

शेजारच्या खाटेवर सिदी नावाची म्हातारी बसली होती. तिला तिच्या दिरांनी हाकललं होतं. ती म्हणाली, "पोरी, तू सारखी तो फोटो, तो फोटो करतेस. तुझ्या बापाची झाडं किती?"

"चाळीस."

"आणि आता ती कोण उतरवतंय?"

ते जुम्वाला ठाऊक होतं. थोया पडला त्याच आठवड्यात कित्सावने तिथे आपले मजूर लावले होते.

"माझी काजूची बारा होती," सिदी म्हणाली. "माझा कोणी फोटो नव्हता काढला. त्यांना माझ्या उशाखाली कोंबडीचं पीस सापडलं. फोटो नसता तर तुझ्या बापाच्या उशाखालीही पीस निघालं असतं."

ती समजूत घालायला बोलली होती. जुम्वाची समजूत पटली नाही. पीस त्यांनी स्वतः शोधलं असतं. फोटो तिने पाठवायला लावला होता.

"नाव लिही माझं," थोया अचानक म्हणाला. "आता कशाला थांबतेस. इथे राहायचं म्हणालो होतो, ते राहिलं नाही. पूर्ण फोटो लाव. मला दुसरा फोटो नाही."

एप्रिलच्या पावसात त्याला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत तो गेला. जुम्वा पोचली तेव्हा त्याला चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. तिने चीफतर्फे निरोप पाठवला की बापाला चिथेंगाला त्याच्या आईशेजारी पुरायचंय. कित्सावचं उत्तर आलं: आणलात तर रस्त्यातच जाळू. मग आसऱ्याच्या मागच्या बाजूला खड्डा खणला. तिथे आधीची सात थडगी होती. सोबत नऊ माणसं, त्यातल्या चौघांना उभं राहता येत नव्हतं. सिदी म्हातारीने मूठभर माती टाकली आणि म्हणाली, "सुटलास."

प्रबंधाचं चौथं प्रकरण जुम्वाने पुन्हा लिहिलं. शर्टाचा परिच्छेद काढला नाही. आधी मी असं वाचलं होतं, हे चुकीचं होतं, आणि का, ते त्याखाली लिहिलं. फोटो पूर्ण लावला आणि खाली मजकूर दिला: थोया म्वारांदू, माडी काढणारा, चिथेंगा. हातात वडिलांचा किगांगो. शर्ट व्यापाऱ्याचा.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "शर्टाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याला आधार काय?"

"त्या माणसाने सांगितलं."

"त्याची पुन्हा मुलाखत घेता येईल? कोणाला तपासायचं झालं तर?"

"नाही सर."

डॉ. मुएनी खिडकीकडे बघत होत्या. परीक्षकांनी तळटीप थोडी वाढवायला सांगितली आणि पदवी दिली. बाहेर आल्यावर मॅडमनी तिचा हात धरला. "मी तुला पूर्ण फोटो मागायला लावला," त्या म्हणाल्या. "पुढचा विचार मी पण केला नाही. इतक्या वर्षांत कोणाच्याच बाबतीत केला नव्हता." दोघी कॅन्टीनला गेल्या आणि चहा निवेपर्यंत बसल्या.

किगांगो त्या वर्षाअखेर देशात आला. सरकारी कोठारात पेटीत पडून राहिला, कारण घरून न्यायला कोणी येईना. कित्सावने कळवलं, आम्हाला नको, ते लाकूड बाटलं. जुम्वा मुलगी, तिच्या ताब्यात द्यायची रीत नाही. कोठारवाल्याने तिच्याकडून दोन अर्ज लिहून घेतले आणि दोन्ही फाईलला लावून ठेवले.

ती किलिफीला परतली. शाळा सोडून शिक्षकांच्या कॉलेजात शिकवायला लागली. गावी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पुढच्या जानेवारीत शेजारणीचा फोन आला. म्हातारा कालामा रोज तुझी आठवण काढतोय, येऊन जा, कित्साव मोंबासाला गेलाय तोवर.

अंगण तेच होतं. थोयाच्या घराच्या जागी कसावा लावला होता आणि तो चांगला वाढला होता. कालामा दारात बसला होता. खूप वाळला होता.

"बस," तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"थोयाने नेला ते. तेव्हापासून. दुष्काळात कोणाच्या घरात मका नव्हता आणि त्याची बायको दळत होती. जात्याचा आवाज येत होता मला इथे. मी उठून गेलो. तिने काही न बोलता माझ्या टोपलीत अर्धा ओतला. माझी पोरं त्यावर जगली. कित्साव सहा वर्षांचा होता. त्याने भांडं चाटून खाल्लं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत, मोठे बाबा? माडाखाली एवढी माणसं होती. एवढं एकच सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तू खाल्लंस आणि गप्प बसलास, म्हणजे दोघं मिळून केलंत." तो हाताची बोटं एकमेकांत गुंतवत होता. "मी घाबरलो, पोरी. माझे डोळे बघ."

तिने बघितले. लाल होते.

ती उठली. तिला तिथून निघायचं होतं, मटाटू गाठायची होती. कालामाने तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"कित्सावचा तान्हा मुलगा आजारी असतो," तो म्हणाला. "कित्साव ताटावर बसला की माझ्याकडे बघतो. खात नाही, बघतो. थोया होता तिथे... तिथे जागा असते का?"

जुम्वाने ओढणी सोडवून घेतली नाही. तिला त्याचा राग येत होता आणि तो जाणार नव्हता, हेही तिला कळत होतं. "विचारते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधे कॉलेजच्या जिन्याखाली उभं राहून तिने आसऱ्यावर फोन लावला. तिकडच्या माणसाने नाव विचारलं, वय विचारलं, चालता येतं का विचारलं. मग म्हणाला, एक खाट रिकामी आहे. सोमवारी घेऊन या, अंगावरचे कपडे आणि एक पांघरूण, बाकी काही लागत नाही.